दोडामार्गातली रानजायफळाची दलदल: साडेसहा एकरांचं एक फार जुनं रान

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे एक देवराई आहे. क्षेत्रफळ 2.59 हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांनाही थोडं कमीच. कोकणात एखाद्याची काजूची बागसुद्धा याहून मोठी असते. तरीही 2021 मध्ये राज्य सरकारने हा तुकडा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. कारण इथे जायफळाच्या कुळातली झाडं चिखल-पाण्यात पाय रोवून उभी आहेत, आणि अशी जंगलं आता फार थोडी उरली आहेत. अभ्यासक या जंगलाला 'मायरिस्टिका स्वॅम्प' म्हणतात. आपण रानजायफळाची दलदल म्हणू.

केरळात 1960 साली अशा जंगलाची पहिली शास्त्रीय नोंद झाली. पुढे कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात आणि गोव्यात सत्तरीच्या भागात ती सापडली. हेवाळे-बांबर्ड्याची नोंद मात्र 2018 ची, म्हणजे अगदी अलीकडची. तेव्हा माहीत असलेल्या दलदलींपैकी ही अगदी उत्तरेकडची होती. गावाला अर्थातच हे रान पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं आणि त्याने ते राखलंही होतं. उशीर झाला तो बाकीच्यांना.

हे कूळ आपल्या ओळखीचं आहे. श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ आणि त्याच्या बीवरची जायपत्री मूळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची. पण त्याची सख्खी भावंडं आपल्या घाटातही आहेत. मसाल्याच्या यादीत जायपत्रीच्या शेजारी 'रामपत्री' लिहिलेली असते ना, ती रानजायफळाची. ती मिळते पश्चिम घाटातल्या सदाहरित रानातून. दलदलीत वाढणारी मायरिस्टिका मॅग्निफिका ही याच कुटुंबातली, पण स्वभावाने फार वेगळी. तिला पायाखाली पाणी लागतंच. हेवाळे-बांबर्ड्यात आहे ती हीच, आणि जागतिक पातळीवरच्या यादीत ती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे.

दलदल म्हटलं की डास आणि कुजका वास एवढंच डोळ्यांसमोर येतं. ही दलदल तशी नव्हे. घाटाच्या पायथ्याशी, दोन टेकड्यांच्या मधल्या सपाट खोलगट जागेत झऱ्याचं पाणी उतरतं. तिथे उतार संपतो, पाण्याची धाव मंदावते, आणि व्हाळ एका पात्रातून न वाहता झाडांच्या मुळांमधून पसरत, झिरपत पुढे सरकतो. पाणी साचल्यासारखं दिसतं, पण ते हलतं असतं. पावसाळ्यात ते चढतं, उन्हाळ्यात खाली जातं, जमीन मात्र ओलीच राहते. वर झाडांचं छत इतकं दाट की दुपारीही ऊन खाली पोचत नाही. त्यामुळे पाणी थंड राहतं आणि उडूनही कमी जातं. म्हणजे पाण्यामुळे झाडं आहेत आणि झाडांमुळे पाणी टिकतं. यातली एक बाजू ढळली की दुसरी सावरत नाही.

आता खरी अडचण पाहू. झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पानं हवेतून वायू घेतात हे शाळेत शिकवतात, मुळांचं कुणी फारसं बोलत नाही. मुळांच्या पेशी जिवंत असतात, त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो त्या मातीच्या कणांमधल्या हवेतून घेतात. जमीन पाण्याने भरली की ही हवा निघून जाते. पाण्यातून प्राणवायू पसरायचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पटींनी कमी असतो. कुंडीत पाणी तुंबलं की तुळस माना टाकते ती पाणी जास्त झालं म्हणून असं आपण म्हणतो. खरं तर तिची मुळं गुदमरलेली असतात.

शिवाय प्राणवायू संपलेल्या चिखलात मातीची रसायनंच बदलतात. कोकणच्या तांबड्या मातीत लोह भरपूर. एरवी ते घट्ट बांधलेलं असतं, पण प्राणवायू नसला की ते पाण्यात विरघळतं, आणि जास्त झालं तर झाडाला विषारी ठरतं. जांभ्या दगडाच्या मुलखात झऱ्याच्या कडेला थांबून नीट पाहा. संथ पाण्यावर कधीकधी एक तांबूस, चकचकीत पापुद्रा दिसतो. कुणीतरी तेल सांडलंय असंच वाटतं. त्यात काडी फिरवली तर तो काचेसारखा तुकड्यातुकड्यांनी फुटतो आणि फुटलेलाच राहतो. तेल असतं तर लगेच पुन्हा जुळलं असतं. चिखलातून विरघळून आलेलं लोह वर हवेला भेटतं, तिथे जिवाणू त्यावर जगतात आणि त्याचा हा पापुद्रा तयार होतो. या अशा जमिनीत रानजायफळाला आयुष्य काढायचं असतं.

यावर या झाडांनी शोधलेला उपाय पाहायला खाली वाकावं लागतं. जिम्नाक्रँथेरा नावाचं याच कुळातलं एक झाड दक्षिणेकडच्या दलदलींमध्ये भरपूर दिसतं. त्याचं मूळ चिखलातून वर येतं, वीतभर किंवा त्याहून उंच जातं, मग वळतं आणि पुन्हा चिखलात शिरतं. थोड्या अंतरावर परत वर येतं. पाय दुमडून बसलेल्या माणसाचा गुडघा जसा वर येतो, तसा आकार. म्हणून यांना गुडघेमुळं म्हणतात. एका झाडाभोवती असे कितीतरी गुडघे असतात, आणि दाट दलदलीत पाऊल टाकायला जागा शोधावी लागते. या वर आलेल्या भागाच्या सालीवर बारीक, खडबडीत पुटकुळ्या असतात. ती छिद्रं आहेत. तिथून हवा आत जाते आणि मुळाच्या आतल्या पोकळ उतींमधून खाली चिखलात गाडलेल्या भागापर्यंत पोचते.

मायरिस्टिका मॅग्निफिकाची तऱ्हा वेगळी. तिच्या खोडाच्या खालच्या भागातून मुळं फुटतात आणि तिरकी होत चारही बाजूंनी जमिनीत उतरतात. झाड जणू बऱ्याच पायांवर उभं असतं. मऊ चिखलात उंच झाडाला एवढा आधार लागतोच, आणि ही मुळंही हवेत उघडी असल्याने श्वासाचं काम करतात.

खाडीकाठची कांदळवनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. कांदळाची मुळं अशीच कमानी करत उतरतात, तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. पण कांदळ, तिवर आणि रानजायफळ यांचा एकमेकांशी जवळचा काहीही संबंध नाही. खाऱ्या पाण्यात आणि गोड्या पाण्यात, वेगवेगळ्या कुळांनी स्वतंत्रपणे एकाच प्रश्नाचं सारखंच उत्तर काढलं. उत्क्रांतीतली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. त्यासाठी दूरच्या कुठल्या बेटावर जायची गरज नाही. वेंगुर्ल्याची खाडी आणि दोडामार्गाची राई एकाच दिवसात पाहून होतात.

हे जंगल 'प्राचीन' का म्हणायचं, हा पुढचा प्रश्न. इथलं एखादं झाड हजारो वर्षांचं आहे असा याचा अर्थ नाही. जुना आहे तो वंश, आणि जुनी आहे ती जागेची सलगता.

वंशाचं आधी. फुलझाडांच्या कुळवृक्षात काही फांद्या फार लवकर फुटल्या. त्यांतल्या एका फांदीवर सोनचाफा आहे, सीताफळ आणि त्याच्याच कुळातला हिरवा चाफा आहे, आणि जायफळही आहे. ही तिन्ही कुळं नातेवाईक. सोनचाफ्याचं फूल हातात घेऊन पाहिलं तर त्याला वेगळी निदलं आणि वेगळ्या पाकळ्या नसतात, सगळी दलं सारखीच. फुलांच्या जुन्या घडणीची ही खूण. रानजायफळाचं फूल त्यामानाने अगदी साधं: मेणचट, बारक्या घटासारखं, पानांच्या बेचक्यात लपलेलं, सहज दिसतही नाही. त्याच्याकडे फुलपाखरं येत नाहीत. बारीक भुंगेरे आणि फुलकिडे त्यात शिरतात आणि पराग इकडून तिकडे नेतात. फुलझाडांच्या सुरुवातीच्या काळात हे काम बव्हंशी असेच किडे करत असावेत.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ती समजायला फळ उघडून पाहायला हवं. फळ पिकलं की त्याची जाड साल मधोमध दुभंगते. आत गडद रंगाची मोठी बी आणि तिला बोटांनी धरल्यासारखी लपेटलेली लालभडक पत्री. सगळं रान हिरवं आणि काळपट, त्यात हा लाल रंग लांबून दिसतो. तो पक्ष्यांसाठी असतो. कोकणात ककणेर, माडगरूड अशा नावांनी ओळखले जाणारे धनेश पक्षी ही बी पत्रीसकट गिळतात, स्निग्ध पत्री पोटात ठेवून घेतात आणि बी कुठेतरी उलटून टाकतात. लहान पक्ष्यांना एवढी मोठी बी गिळताच येत नाही. म्हणजे धनेश गेला की या झाडांची पोरं आईच्या पायाशीच पडून राहणार. जमिनीवर पडलेल्या बीचं पुढे काय होतं, तेही अभ्यासकांनी पाहिलं आहे. दलदलीतले खेकडे ती ओढत नेतात, बिळाकडे. काही खातात, काही तशाच राहतात.

आता या बीचा मोठा दोष. ती वाळवता येत नाही. तांदूळ, नाचणी, कुळीथ आपण उन्हात वाळवून वर्षभर ठेवतो आणि पेरलं की उगवतं. रानजायफळाची बी वाळली की मेली. ओलावा गेला की थोड्याच काळात तिची उगवण्याची शक्ती संपते. पडल्यापडल्या ओली सावलीची जमीन मिळाली तरच ती रुजते. अशा बीला कोरडा मुलूख ओलांडून दूरवर जाता येत नाही. तरीसुद्धा केरळपासून दोडामार्गापर्यंत, मध्ये कोरडी रानं, शेतं आणि गावं असताना, ही झाडं सुट्या सुट्या ठिपक्यांत सापडतात. याचा उलगडा एकाच तऱ्हेने नीट होतो. एके काळी पश्चिम घाटाच्या पायथ्याशी ओल्या रानाची सलग साखळी असली पाहिजे. हवामान बदललं, कोरडे महिने वाढले, पुढे माणसाने रानं साफ केली, आणि जिथे जिथे पाणी हटलं नाही तिथे तिथे जुन्या रानाचे तुकडे राहिले. हेवाळे-बांबर्ड्याचा तुकडा त्यांतलाच एक.

एवढ्या वेगळ्या जागी बाकीची वनस्पतीही वेगळीच असते. दलदलींमध्ये केवड्याच्या जातीचे काटेरी पुंजके, वेताच्या वेली, पाण्यात उभे असलेले सुरणाच्या कुळातले लॅगेनांड्रा, दगडांवर नेचे आणि शेवाळ दिसतं. अजून नवीन झाडंही सापडतात. उत्तर कन्नडातल्या कत्तलेकान या दलदलीच्या जंगलात बिब्ब्याच्या जवळच्या नात्यातलं एक झाड सापडलं आणि 2000 साली जगाला प्रथम कळलं. त्याला त्या रानाचंच नाव दिलं: सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. गवताची बारीक जात नजरेतून सुटली तर समजू शकतं. हे तर पुरुषाहून कितीतरी उंच वाढणारं झाड, आणि विसावं शतक संपेपर्यंत त्याला शास्त्रात नावच नव्हतं. शेजारच्या केरळात अशा दलदलींचे 60 च्या आसपास तुकडे मोजले गेले, आणि त्यांचं सगळं मिळून क्षेत्र भरलं जेमतेम दीड चौरस किलोमीटर. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या वसाहतीएवढं.

इतकं कमी का उरलं? याचं उत्तर शोधायला कोकणी माणसाला लांब जावं लागणार नाही. बारमाही पाणी असलेली, पायथ्याची, सपाट, कसदार जमीन कुणाला नको असेल? भाताला तीच हवी, सुपारीच्या कुळागराला तीच हवी. पूर्वजांनी चर खणून पाणी पाटात घेतलं, झाडं तोडली आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, शेतं केली, पोफळी लावल्या. त्यांना दोष द्यायचं मला काही कारण दिसत नाही, पोट भरायचं होतं. पण म्हणूनच आज जी दलदल शिल्लक आहे ती बहुधा कुणीतरी मुद्दाम सोडलेली असते. गोव्यात सत्तरीतल्या ब्रह्माकरमळीची 'निरंकाराची राई' अशीच देवाच्या नावावर राहिली. हेवाळे-बांबर्ड्याचंही तेच.

देवराईचा नियम सोपा आणि कडक. इथलं काही तोडायचं नाही. पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. फारच गरज पडली तर देवाला गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा, आणि मिळालं तर ते देवळाच्या कामाला. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा हेच दिसलं: आसपासचा डोंगर बोडका झाला तरी मधला देवाचा तुकडा दाट, आणि त्यात अशा जाती, ज्या त्या भागात दुसरीकडे मिळत नाहीत.

मात्र देवराईच्या नियमाला एक मर्यादा आहे आणि ती मला फार काळजीची वाटते. हा नियम कुऱ्हाडीविरुद्ध आहे. आजचं संकट बऱ्याचदा कुऱ्हाड घेऊन येतच नाही. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, कळस चढतो, भक्तांना चिखल नको म्हणून फरशी आणि पेव्हर ब्लॉक बसतात, झाडोरा 'साफ' होतो, व्हाळाला सिमेंटची भिंत घालून पाणी एका बाजूला वळवलं जातं. सगळं भक्तीने आणि गावाच्या वर्गणीतून. एकही मोठं झाड पडत नाही, म्हणजे नियमही मोडत नाही. पण साफ झालेला झाडोरा हीच पुढच्या पिढीची रोपं होती, आणि वळवलेलं पाणी हाच या रानाचा जीव होता. मोठी झाडं पुढे बरीच वर्षं उभी राहतात, म्हणून काही बिघडलंय हे लक्षातही येत नाही.

मग रोपं करून दुसरीकडे लावता येणार नाहीत का? येतील, पण सहज नाही. बी ताजीच रुजवायला लागते, रोपाला सावली लागते, आणि पाणी तुंबलेलं नको, वाहतं हवं. शिवाय या कुळात नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी असतात. साडेसहा एकरांत मोजकीच झाडं, त्यांतली फळ देणारी आणखी कमी. आई-बापांची संख्या इतकी थोडी असली की पुढच्या पिढीचा वाणही हळूहळू दुबळा होऊ शकतो. सिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी उत्तर कन्नडातल्या दलदलींसाठी अशी रोपं तयार करून लावायचं चिकाटीचं काम केलं आहे. आपल्याकडे त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. पण आहे ती दलदल राखणं हे नवी उभी करण्यापेक्षा कैक पटींनी सोपं आणि स्वस्त.

वारसा स्थळ जाहीर झाल्याने नेमकं काय झालं, हेही समजून घ्यायला हवं, कारण गावोगाव याबद्दल धास्ती असते. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्याच्या कलम 37 प्रमाणे राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थांशी सल्लामसलत करून अशी जागा जाहीर करतं. हे अभयारण्य नव्हे. लोकांना बाहेर काढणं, देवाच्या वाटेला कुंपण घालणं असा त्याचा हेतू नाही, आणि गावाच्या रूढी-परंपरा थांबवायच्या नसतात. राखणदारीत गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गडचिरोलीतलं आलापल्लीचं 'वनवैभव' हेही असंच वारसा स्थळ आहे, 2014 पासून. मला हा मार्ग योग्य वाटतो. ज्यांनी कायद्याशिवाय रान राखलं त्यांच्याच हातात ते कायद्याने राहायला हवं.

अडचण आहे ती नकाशावरच्या रेषेची. 2.59 हेक्टरांच्या आतली झाडं सुरक्षित आहेत, पण त्यांना जगवणारं पाणी या रेषेच्या आत उगम पावत नाही. ते वरच्या डोंगरातून, वरच्या रानातून, कुणाच्या तरी खाजगी जमिनीखालून येतं. दोडामार्ग तालुक्यात गेल्या काही दशकांत डोंगरउतारांवर रबराच्या, काजूच्या, अननसाच्या लागवडी झपाट्याने वाढल्या. त्यासाठी रानं तोडली गेली, उतारावर रस्ते निघाले. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली, ती उगाच नव्हे. उतारावरचं रान गेलं की पावसाळ्यात पाणी माती घेऊन धावत खाली येतं आणि दलदलीत गाळ भरतो, गुडघेमुळांची आणि आधारमुळांची छिद्रं त्याखाली गाडली जातात. आणि उन्हाळ्यात झरा लवकर आटतो. वर एखादी खोल कूपनलिका मारली तरी तोच परिणाम.

म्हणून समितीने पुढच्या उन्हाळ्यात एक साधं काम हाती घ्यावं असं मला वाटतं. व्हाळाच्या काठाने उलटं वर चालत जायचं, जिथून जिथून पाणी येतं त्या प्रत्येक झऱ्याची जागा आणि त्या जमिनीचा सातबारा टिपायचा. मार्चपासून मेपर्यंत दर पंधरवड्याला पाणी कुठवर आहे त्याची खूण एका खांबावर करायची. शाळेतली आठवी-नववीची मुलं हे करू शकतात, आणि खर्च जवळजवळ शून्य. ती नोंद चार-पाच वर्षांची झाली की वरच्या जमीनमालकांशी बोलायला, ग्रामसभेत ठराव करायला आणि वनखात्याकडे झऱ्यांचं क्षेत्र राखण्याची मागणी करायला हातात काहीतरी ठोस असेल.